चार बोटं खाली

आमच्या जुन्या जीपच्या स्प्रिंगचे पाटे बसले होते आणि शॉकअप गळत होते, म्हणून परवा गावाला जाता जाता सहकुटुंब सलीमभाईंच्या गॅरेजवर थांबलो. मी ऐटीत म्हणालो, "घाटरस्ता आहे. सगळ्यात कडक पाटे घाला."

"माणसं किती असतात?" असं विचारून त्यांनी सगळ्यांना पुन्हा गाडीत बसवलं. बायको, दोघी मुली, शेवटी आई. मग चाक आणि मडगार्डमधल्या फटीत बोटं घालून म्हणाले, "चार बोटं खाली गेली."

"त्यातली माझी किती?" आईनं आतून विचारलं, आणि हसण्यानंच गाडी हलायला लागली.

"कडक पाटे भरल्या गाडीत मऊ लागतात," सलीमभाई म्हणाले. "एकटे फिराल तर खड्ड्याखड्ड्याला आदळाल."

मला एकदम वडील आठवले. तेही असेच कडक. पण घर पाहुण्यांनी भरलं की काय मऊ व्हायचे!

"मग, कोणते घालू?" सलीमभाईंनी विचारलं.

"कडकच," मी म्हणालो. "शॉकअपही त्याच जोडीचे."

मागून धाकटी आनंदानं ओरडली, "बाबांना आता एकट्यानं कुठ्ठे म्हणून जाता येणार नाही!"