कारंज्याच्या चौकातला चणेवाला

हॉस्पिटलातून मिलिंद गेल्याचा फोन चाळीत खालच्या बिऱ्हाडात आला, तेव्हा मी खिचडी खात होतो. ऐकून परत आलो आणि बशी संपवली. बायको बघत राहिली. एरवी चप्पल हरवली तरी तीन अंकी नाटक करणारा माणूस मी... त्या दिवशी रडूच फुटलं नाही. महिना झाला, अजून तसंच आहे.

विठ्ठलवाडीच्या चाळीत आमची भिंतीला भिंत. मिलिंद अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होता. ऐंशीच्या सुमारास उल्हासनगरच्या सिंधी रद्दीवाल्याकडून त्याने एक जाडजूड पुस्तक आणलं. कुणा प्रवाशाने फार पूर्वी काढलेले करडे फोटो. घाट, मनोरे, रिकामे चौक. मजकूर जर्मन. मी म्हटलं, "आण इकडे. मला येतं जर्मन." एक अक्षर येत नव्हतं! मिलिंदने मांडी घातली. "वाच."

मग दर रविवारी वाचन. एका फोटोत कारंज्याचा ओसाड चौक होता आणि कोपऱ्यात धुरकट डाग. मी ठोकून दिलं, "हा चणेवाला. हलला म्हणून पुसट आला. बाकीचे जेवायला गेलेत." पुढच्या रविवारी मी त्याचा न्हावी केला, तर मिलिंद म्हणाला, "ए शाण्या, मागच्या वेळी चणे विकत होता."

"पान चुकलं रे," मी गंभीरपणे म्हटलं.

पुढे कारखान्यातून प्रवासाची सवलत मिळायची. सगळे काश्मीर, उटी करून आले. मी म्हणायचो, "जा की वहिनींना घेऊन!" तर म्हणे, "तिथं चणेवाला असेल का?" हसायचो मी. पण माझ्या थापांपायी हा माणूस कुठे गेलाच नाही, ही टोचणी राहिली.

परवा वहिनींनी पुस्तक पुढे ठेवलं. "भावजी, चौकाचं वाचा ना."

"वहिनी, मला जर्मन येत नाही..."

"माहितीये. कारखान्यात मशीन बसवायला जर्मन साहेब आला होता ना, त्याला यांनी दाखवलं होतं. दुसऱ्याच वर्षी."

"मग मला बोलला का नाही?"

"म्हणाले, साहेबाच्या वाचण्यात नुसतं चौकाचं नाव निघालं. माणूसच नव्हता."

मी पान उघडलं. कारंजं, डाग. चणेवाल्याला मी एक नाव दिलं होतं, एक लंगडी बहीण दिली होती, आणखीही काही... आठवेना. ते सगळं मिलिंदला पाठ होतं.

वहिनी पदर सावरून बसल्या होत्या. मी डागावर बोट ठेवलं.