बोटीच्या पोटात राणी रंग

लिंबायतला आमचे हे ज्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला आणि ह्यांनी नदीवरचं काम धरलं. मगदल्ल्याच्या काठावरून पलीकडच्या कारखान्यांत कामगारांना ने-आण करणारी एक जुनी लाकडी मशीनबोट होती, ती हे चालवायला लागले. नव्वदनंतरची गोष्ट आहे. मी तेव्हा बमरोलीच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये साड्यांच्या घड्या घालायला जायचे.

बोटीत पाणी शिरतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. नणंद पलीकडे राहायची, आजारी होती. तिला बघायला म्हणून एका सकाळी मी त्याच बोटीत बसले. तीसेक माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर डबा. अर्धी नदी ओलांडली असेल आणि पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं. आधी नुसतं ओलं, मग माझी चप्पल तरंगायला लागली. इंजिनाचा पट्टा पाण्याला लागून चहूकडे शिंतोडे उडवत होता.

ह्यांनी सुकाणू एका माणसाच्या हातात दिलं, खाली वाकून पत्र्याच्या डब्यानं पाणी उपसायला लागले. माझ्याकडे बघितलं नाही. कुणी ओरडलंही नाही. दोन-तीन माणसं उठून आपल्या जेवणाच्या डब्यांनी उपसायला लागली, तेव्हा मला कळलं की त्यांना ह्याची सवय आहे. मी पदर कमरेला खोचला आणि ओंजळीनं पाणी बाहेर टाकत राहिले. ओंजळीनं काय होणार? पण हात थांबत नव्हते.

काठाला लागल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि घरी एक शब्द नाही?"

"सांगून तू काय केलं असतंस? पानी कथाईन ई राह्यनं तेच समजत नाही." घाबरले की ह्यांच्या तोंडी गावची अहिराणी यायची. पाणी कुठून येतंय हेच कळत नव्हतं.

संध्याकाळी घरी बसवून मी सगळं काढून घेतलं. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीतून बाहेर निघतो तिथून पाणी येत असावं असं ह्यांना वाटत होतं. तिथली दोरीची पॅकिंग तीनदा बदलून, ग्रीस भरून, नट आवळून झाले होते. बोटीच्या मालकानं, शेठनं, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून दोनदा डांबर फासलं होतं. पाणी येतच होतं.

"बोट नुसती उभी असली तरी येतं?"

"येतं. चालू असली की जास्त."

"मग पाणी बाहेरून आत शोधताय कशाला? आतून बाहेर सोडा. रंग टाकून."

आमच्या प्रोसेस हाउसमध्ये पाईप गळायचा तेव्हा रंग कालवणारे कलर मास्तर असंच करायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे थोडा रंग मागितला. त्यांनी राणी रंगाची पुडी दिली आणि बजावलं, "हाताला लागला तर आठवडाभर जाणार नाही."

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ओहोटीला बोट चिखलात दोन ओंडक्यांवर टेकवली होती. आम्ही बादल्या भरभरून मागच्या भागात ढोपराएवढं पाणी ओतलं आणि पुडी सोडली. आत सगळं गडद गुलाबी झालं. मग बाहेर येऊन बघत बसलो.

दांड्यापाशी एक थेंब नाही. सांध्यांतही नाही. अर्धा तास गेला, तासभर गेला. हे एकसारखे नदीकडे बघत होते. भरती लागली होती. आतलं पाणी उपसायच्या आधी नदी वर आली असती तर इतकी जड बोट उचललीच गेली नसती, आहे तिथंच भरून गेली असती.

"बस झालं. उपसू या," हे म्हणाले.

"थांबा थोडं."

"थांबा काय! बोट गेली तर शेठ मला..."

मी चिखलात आडवी झाले आणि मान वळवून बोटीच्या पोटाखाली पाहिलं. काळ्या डांबरावरून एक बारीक गुलाबी रेघ उतरत होती. मी तिथं बोटानं चाचपलं. डांबराखाली काहीतरी कडक, सपाट लागलं. पत्र्याचा तुकडा. कधीकाळी कुणीतरी ठोकलेला, वरून डांबर बसल्यामुळे कुणाला दिसलाच नव्हता.

ह्यांनी पकडीनं एक खिळा उपटला. दुसरा नुसता हातानंच निघाला. पत्रा सुटला आणि गुलाबी पाण्याची धार थेट ह्यांच्या छातीवर आली. पत्र्यामागची फळी किड्यांनी पार पोखरलेली होती. ह्यांनी हाताचं बोट घातलं तर ते मुळापर्यंत आत गेलं, ओल्या टोस्टात जावं तसं. ते बोट तसंच ठेवून हे माझ्याकडे बघत राहिले. रोज तीस माणसं चार गंजक्या खिळ्यांवर नदी ओलांडत होती.

तोवर पाणी आमच्या पायांना लागलं. मी बोटीत चढून उपसायला लागले, ह्यांनी भोकात ग्रीस लावलेलं फडकं कोंबलं, वर टायरचं रबर आणि फळीचा तुकडा ठोकला. शेवटचे खिळे ह्यांनी पाण्यात हात घालून, अंदाजानंच मारले. मग काठावरच्या चहावाल्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकांना हाका मारून दोर ओढायला लावलं, मीही खाली उतरून दोराला लागले. बोट हलेना. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं तेव्हा ती एकदम डुलली आणि सुटली.

शेठ संध्याकाळी आले. आमचे गुलाबी हात आणि गुलाबी झालेली नाव बघून आधी भडकलेच. "जूनी नाव छे, पाणी तो आवे! जुन्या नावेत पाणी येणारच. उद्या फेऱ्या चालू ठेव."

"नाही चालवणार," हे म्हणाले. शेठपुढे इतकं सरळ बोलताना मी ह्यांना कधी ऐकलं नव्हतं.

ह्यांनी तो किडका तुकडा शेठच्या हातात दिला. शेठनं नुसता दाबला आणि त्याचा भुगा झाला. त्यांनी हात झटकले. मग म्हणाले, "सुताराला बोलाव."

दहा दिवस बोट बंद राहिली. कामगार लांबच्या वाटेनं जाताना आम्हाला शिव्या देत होते. सुतारानं एक नाही, तीन फळ्या बदलल्या.

पहिली फेरी निघाली त्या दिवशी मी कामावर होते. घड्या चुकत होत्या, मुकादम दोनदा ओरडला. सुट्टी झाल्याबरोबर मी घरी न जाता रिक्षा करून काठावर गेले. बोट नदीच्या मधोमध होती, माणसांनी भरलेली. सगळे आपापल्या जागी बसले होते, कुणी वाकलेलं नव्हतं. ती काठाला लागेपर्यंत मी उभीच राहिले.