एक बहीण फिनलंडात, एक मंगोलियात

चाचांना फिनिश भाषेतला एकही शब्द कळत नव्हता. मंगोलियनमधलाही नाही. तरीही या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत, यावर ते राळेगावात कोणाशीही, चहा गार होईपर्यंत भांडायला तयार असत. मी तिथल्या शाळेत नोकरीला लागले आणि त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहू लागले. सामान उतरवून होतं न होतं तोच त्यांनी मला विचारलं, "बेटा, तू शिकलेली आहेस. सांग बरं, फिनलंडवाले आन् मंगोलियावाले एकमेकांचे कोण?" मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे अशा काही दयेने पाहिलं की मला माझ्या बी.एड.ची लाज वाटली.

चाचांचा धंदा मोटार वायंडिंगचा. तालुक्यातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्या दुकानात येत, आणि त्यातून उरलेली तांब्याची तार छपरावर जाई. छपरावर त्यांनी रेडिओसाठी एवढं मोठं एरियल ताणलं होतं की चाचीने त्यावर चादरी वाळत घालायला सुरुवात केली. मग घरात भांडण. "तुझ्या चादरीनं मंगोलिया खरखर करते," चाचा ओरडत. चाची शांतपणे म्हणे, "तर मंगोलियाले सांगा, जरा थांब म्हणा, चादर वाळू दे."

सकाळी फिनलंड, संध्याकाळी मंगोलिया, असा त्यांचा क्रम होता. बातम्या ऐकताना ते डोळे मिटून मान डोलवत. कव्वाली ऐकावी तसे हवामानाचे अंदाज ऐकत. "पाह्य, शब्द कसा लांब लांब होत जाते. मालगाडी! एकाले एक डबा जोडतच राह्यले. दोघींची चाल एकच हाय."

त्यांच्यासमोर, एका रिकाम्या मोटारीच्या लोखंडी खोळीवर, बापूराव बसलेले असत. बापूराव कपाशी आणि तुरीचे शेतकरी, वाद घालण्यात चाचांना तोडीस तोड. त्यांचा सिद्धांत साधा होता. "अरे, थंडीचा मुलूख हाय दोन्हीकडं. गारठ्यानं माणसाचं तोंडच उघडत नाही. म्हणून तुले सारखं ऐकू येते. उद्या मले बर्फाच्या लादीवर बसव, मी पण फिनलंडचं बोलतो."

शेवटी यवतमाळच्या वाचनालयात जाऊन मी एक जाडजूड पुस्तक धुंडाळलं. चाचा अगदीच हवेत बोलत नव्हते. दोन्ही भाषांत शब्दाला शेपट्या लागत जातात, एका शब्दात स्वरही शक्यतो आपापल्या बिरादरीचेच बसतात, आणि तो-ती-ते ही भानगड दोन्हीकडे नाही. जुन्या पंडितांनी म्हणूनच त्यांना एका घराण्यात बसवलं होतं. पुढच्या पानावर मात्र नव्या पंडितांनी ते नातं साफ नाकारलं होतं. मी दोन्ही पानं वाचून दाखवली. चाचांनी पहिलं पान तेवढं ऐकलं, बापूरावांनी दुसरं.

ती वर्षं कपाशीची फार वाईट होती. बोंडांत अळी, भावाला उतार, आणि खरेदी केंद्राबाहेर कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग थेट चाचांच्या दुकानापर्यंत. रांगेतल्या माणसांना करमणूक हीच. हळूहळू रांगेत फिनलंड पार्टी आणि मंगोल पार्टी झाली, आणि कोणीच नीट सांगू शकेना की कुठली पार्टी नेमकी कशाच्या बाजूने आहे.

त्या दिवसांत आमचा कापूस बघायला देशोदेशीची माणसं येत, कॅमेरे घेऊन. एकदा कळलं, उद्या एक बाई येणार, फिनलंडची! चाचांनी भर रांगेत पैज लावली. मंगोलियाच्या स्टेशनवर रोज सुरुवातीला जे बोलतात ते त्यांना ऐकून ऐकून पाठ होतं. ते बाईसमोर म्हणायचं. तिला कळलं तर बापूरावांनी सर्वांसमोर हार मानायची. नाही कळलं तर चाचा एरियल कायमचं उतरवणार.

दुसऱ्या दिवशी चाचा मुलाच्या लग्नातली शेरवानी घालून उभे. उंच, गोरी पाहुणी जीपमधून उतरली, सोबत हिंदी बोलणारा दुभाष्या. चाचांनी छातीवर हात ठेवला आणि मंगोलियन म्हणायला सुरुवात केली. रांगेतल्या बैलांच्या घंटासुद्धा थांबल्यासारख्या वाटल्या. बाईने शेवटपर्यंत फार मनापासून ऐकलं. मग तिने हळूच दुभाष्याला काहीतरी विचारलं.

दुभाष्या म्हणाला, "मॅडम पूछ रही हैं, ये यहाँ की बोली है क्या?"

कोणी हसलं नाही. चाचांचा चेहरा बघवत नव्हता. आता बापूराव टाळी वाजवणार, असं मला वाटलं. पण ते पुढे येऊन म्हणाले, "थांबा, थांबा! बहिणीच हायेत. लगन होऊन दूर गेल्या, बस. एक फिनलंडात देली, एक मंगोलियात. येणंजाणं राह्यलं नाही, तं वळख कशी राहीन?"

"मले भीक नको, बापूराव!" चाचा भडकले. "हारलो तं हारलो." आणि पक्कड घेऊन, शेरवानीसकट, शिडीवरून छपरावर चढले.

बापूरावांनी शिडीच काढून घेतली.

"सिडी लाव!"

"तार तोडली तं सिडी भेटत नाही."

"अरे, पैज हाय! मी हारलो!"

"तू नाही हारला. बहिणी हायेत."

"नाहीत बहिणी!"

"हायेतच!" आणि मग बापूरावांचा आवाज एकदम खाली आला. "वावरात पाय ठेवू वाटत नाही, चाचा. इथं येतो तं घटकाभर मंगोलियात जातो. तार तोडली तं मी जाऊ कुठं?"

छपरावरून पक्कड खाली येऊन पडली. पाहुणीने फोटो काढला. तिला काय समजलं असेल, देव जाणे.

जिंकायला कोणीच तयार नव्हतं, म्हणून पैज फिटली नाही. त्यानंतर दोघांनी पक्ष बदलले ते कायमचे. चाचा म्हणत नातं नाही, बापूराव म्हणत आहे. भांडण मात्र पहिल्यापेक्षा जोरात.

मग माझी बदली झाली. काही वर्षांनी कळलं, बापूराव साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. मी चाचांना भेटायला गेले. ते दुकानात एकटे होते, लोखंडी खोळीवर कोणी नव्हतं. मला बसवून म्हणाले, "बेटा, त्या बहिणीच हायेत. बापूराव बरोबर म्हणे."

मी नुसती मान हलवली.

चाचा एकदम चिडले. "मुंडी काय हालवून राह्यलीस? नाही म्हण न!"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही, चाचा. काडीचं नातं नाही."

"काहून नाही?" म्हणत त्यांनी खुर्ची पुढे ओढली.