कुरुळीहून समुद्रावरच्या कंपनी-बंगल्याकडे

गुरुवारी जेवताना पप्पा म्हणाले, "रविवारी मीटिंग हाय. बंगला पाडायचा म्हनत्यात." आणि भात तसाच टाकून उठले. झालं! मी तिथल्या तिथे शनिवारची सुट्टी टाकली.

कुठला बंगला? सांगते. पप्पा पिंपरीतल्या एका जुन्या कंपनीत फिटर होते. साठच्या दशकात त्या कंपनीने नागावच्या पुढे, थेट समुद्रावर, सुट्टीचं घर बांधलं. साहेबांसाठी नाही हं, कामगारांसाठी! पुढे कंपनी बंद पडली आणि बंगला कामगारांच्या सोसायटीकडे आला. आईपप्पांचं लग्न झालं तेव्हा आमच्या कुरुळीच्या घरात दोन खोल्या आणि माणसंच माणसं. दोघं पहिल्यांदा निवांत बोलले ते या बंगल्याच्या व्हरांड्यात. त्यामुळे तो पाडणं म्हणजे आमच्या घरातलंच दुखणं.

शनिवारी पहाटे आईपप्पा आणि मी निघालो. फुकटचा सल्ला: चाकण रोडला ट्रक तुंबायच्या आत तळवडे-देहूरोडवरून जुना हायवे पकडा. पुढे खोपोली, पेण, वडखळ. वडखळचं ट्रॅफिक ज्याच्या त्याच्या नशिबावर; आमचं नशीब त्या दिवशी झोपलेलं होतं. अलिबाग सोडलं की रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, गाडी हळूच घ्या. बांगड्याची थाळी अडीचशेला मिळाली आणि सोलकढी तिसऱ्यांदा मागितली तरी कुणी तोंड वाकडं केलं नाही.

आणि मग बंगला. अगं बाई, काय देखणं घर! सपाट छप्पर भिंतींच्या कितीतरी पुढे आलेलं, खाली लांबलचक सावली. ना कमानी, ना नक्षीचे खांब. व्हरांड्याला सिमेंटची जाळी. हल्ली असली घरं मोबाइलवर बघून आपण उसासे टाकतो. आमचे फिटर-टर्नर त्यात बनियनवर पत्ते खेळले आहेत! फक्त एकच, भिंती तांबड्या जांभ्या दगडाच्या असूनही जांभा कुठे दिसत नाही. वरून राखाडी ऑइलपेंट, मशीनला असतो तोच.

त्याचीही गंमत आहे. खंडेनवमीला कंपनीत मशीन धुऊन, पुसून, रंगवून पूजा व्हायची. आम्ही बौद्ध, पूजेला पप्पा मागे, पण मशीन पुसायला सगळ्यांच्या पुढे. दिवाळीच्या सुट्टीत ही सगळी गँग इथे आली की बंगल्यालाही तोच मान मिळायचा: घासायचा आणि मशीनच्या रंगाचा एक हात मारायचा. दरवर्षी. पाऊस आत येतो म्हणून जाळीवर पत्रेही यांनीच ठोकले. जीवच तेवढा त्या घरावर.

मी चाकणला गाड्यांच्या पेंटशॉपमध्ये क्वालिटीला आहे. रंगाला फोड दिसला की माझा हात गप्प बसत नाही. गाडीच्या किल्लीने एक पापुद्रा उचलला, तर आतला जांभा ओलागच्च, बोट लावलं तर माती. दुसरीकडे बघितलं, तेच. मागच्या मोरीची भिंत मात्र कधीच कुणी रंगवली नव्हती. ती ठणठणीत!

पप्पांना सांगायचं कसं? पण सांगितलं. त्या रंगाने भिंतीचा ओलावा आत कोंडला, त्यानेच ती सडली. पप्पा पाण्याकडे चालते झाले. मी मागे जायला निघाले तर आईने हात धरला, म्हणाली, पचू दे त्यांना.

मग आम्ही मायलेकींनी पक्कड घेतली आणि जाळीवरचा एक पत्रा उपटला. काय वारं आलं हो! उन्हं कलली होती, सगळ्या फरशीवर जाळीचे कवडसे पडले. आई त्यात जाऊन बसली, असंच होतं म्हणाली आणि चक्क लाजली. मला तर नाचावंसं वाटत होतं.

रविवारी मीटिंग त्याच व्हरांड्यात. सोसायटीचे अध्यक्ष गायकवाडकाका, पप्पांचे शिफ्टमधले जिगरी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: भिंती गेल्या, पाडा, तीन मजले एसी खोल्या बांधा, म्हणजे नातवंडं तरी येतील. माना डोलायला लागल्या. तेवढ्यात पप्पा उठले. मला वाटलं आता जुन्या आठवणी काढणार. त्यांनी भिंतीवरचा हातभर पापुद्रा ओढून काकांच्या हातात दिला.

"घर सडलं न्हाई राव, आपन कोंडलं त्याला. पह्यला हात मीच मारला व्हता."

काका पापुद्र्याचे थर बोटाने सुटे करत राहिले. "म्हंजी इतकी वर्सं आपनच?"

"व्हय."

भांडण नाही, काही नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पाडकाम थांबवायचं ठरलं. तोवर पत्रे काढायचे, अशा घरांची जाण असलेला आर्किटेक्ट बोलवायचा, तो सांगेल तसा रंग उतरवायचा. भिंती वाळल्या तर बंगला राहील, नाहीतर काकांचे तीन मजले. मी शिट्टी मारली, आईने डोळे वटारले.

तुम्हाला अशी घरं बघायची असतील तर त्या किनाऱ्यावर अजून थोडी उभी आहेत. दिवाळीनंतर जा, गावात चौकशी करा, आणि आवडलं तर मालकाला तोंडावर सांगा. आपलं घर बघायला कुणी लांबून येतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

घरी आल्यावर दोन दिवस पप्पा माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. आज माझ्या कंपनीची बस यायच्या आधी चहा घेऊन गेटपर्यंत आले.

"तू सांगितलंस तवा लई लागलं," म्हणाले. "पन गप बसली असतीस, तर औंदा मी त्याला रंगाचं दोन हात दिलं असतं."