टेकडीची गाडी आणि महापौरांची बेल

मामा गाडी चालवताना आतल्या आरशात कधी बघायचा नाही. माणसं चढली का, उतरली का, दारात कुणाची पिशवी अडकली का, हे बघणं त्याच्या लेखी त्याचं काम नव्हतं. "ते मागच्याचं काम. मी पुढचा," म्हणायचा. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. शहराच्या बसचं सगळं शास्त्र एवढंच, आणि मामाचं अख्खं आयुष्य त्या टोल्यांवर चाललं होतं. डेपो मॅनेजर खिडकीखाली उभा राहून "निघ, निघ" म्हणून घसा खरवडायचा, पण डबल बेल आल्याशिवाय मामाचा पाय क्लचवरून उठायचा नाही. "साहेब, तुम्ही मॅनेजर. कंडक्टर मागं आहे."

मागं असायचा सुट्टेभाऊ. चढणाऱ्या प्रत्येकाला रामराम करायच्या आधी "सुट्टे काढा" म्हणायचा, म्हणून हे नाव. एकाच गाडीवर दोघांची अर्धी उमर गेली. मामी चिडून म्हणायची, "घरी यांच्या तोंडात मूग भरलेले असतात आणि त्या सुट्ट्याशी दिवसभर गप्पा." पण गप्पा कसल्या डोंबलाच्या! दोघांच्या मध्ये केबिनची काच. जे काही बोलणं व्हायचं ते बेलवरच. सुट्टेभाऊ कुणाशी भांडलेला असला की टोले थपडा मारल्यासारखे यायचे. एखादी म्हातारी पायरीवर असली की पहिल्या टोल्यानंतर तो एक श्वास थांबायचा, तिला दांडी धरू द्यायचा, मग दुसरा. मामाला त्या श्वासावरून कळायचं की क्लच हळू सोडायचाय.

त्यांची गाडी टेकडीची. बाजाराच्या चौकात डावीकडं वळलं की चढ लागायचा आणि वर दगडाच्या खाणीची वस्ती. दवाखान्यातल्या आया, गवंडी, खाणीत फुप्फुसं घालवून बसलेले म्हातारे. वर जायला दुसरं वाहन नव्हतं. रिक्षावाले चढ बघूनच मान हलवायचे. गाडी बिघडली की सुट्टेभाऊ वस्तीतली माणसं घेऊन डेपोवर धडकायचा आणि दुसरी गाडी काढूनच परतायचा. असा माणूस वस्तीला कुठं मिळणार? वस्तीनं त्याला महापालिकेत निवडून पाठवलं. तिथून तो चढत चढत महापौर झाला. ज्या दिवशी तो झाला, त्या दिवशी मामानं डेपोभर पेढे वाटले आणि संध्याकाळी मामीला म्हणाला, "आता मागं कोण?"

मागं मग बरेच आले. बेल मारायचे, पण ती नुसती वाजायची.

पुढं देशाच्या मोठ्या साहेबांनी नवं आर्थिक धोरण आणलं. जे स्वतःचा खर्च भागवत नाही ते बंद करा, नाहीतर कंत्राटदाराच्या गळ्यात घाला. वाचायला गोड होतं. माणसानं आपल्या पायावर उभं राहावं, असं कुणाला वाटत नाही? फक्त खाणीवरच्या म्हाताऱ्यांना पायच राहिले नव्हते, हे त्यात कुठं लिहिलं नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्या शहरांच्या महापौरांनी एकत्र जमून या धोरणाला पाठिंबा जाहीर करायचं ठरलं, आणि यजमान आमचा सुट्टेभाऊ. डेपोत बातमी फुटली की पहिली कुऱ्हाड टेकडीच्या गाडीवर.

मामा खाकी कपड्यांतच महापालिकेत गेला आणि दालनाबाहेरच्या बाकावर बसून राहिला. सुट्टेभाऊ स्वतः बाहेर आला.

"मामा! आत ये की. बाहेर काय बसलास परक्यासारखा?"

"आत खुर्च्या मऊ आहेत म्हणे. एकदा बसलं की उठवत नाही."

सुट्टेभाऊ हसला आणि त्याच्या शेजारी बाकावरच बसला. "लागला टोमणा. आता बोल."

"पाठिंबा दे. नको देऊ म्हणायला मी कोण? मोठ्यांचं मोठं राजकारण. पण भाषणात एक वाक्य टाक. टेकडीची गाडी तेवढी राहू द्या, एवढंच."

"पाठिंब्याला पण-बिण चिकटवता येत नाही रे. ज्यानं चिकटवला त्याच्या शहराचा पैसा वर अडकतो. पाणी, रस्ते, सगळं बसतं मग."

"म्हणजे नाही?"

"बघतो."

"बघतो म्हणू नकोस लेका," मामा उठला. "तू बघतो म्हणायचास तेव्हा माणसाला उरलेले पैसे परत मिळायचे नाहीत."

सभेच्या दिवशी पाहुण्यांना नदीकाठचा नवा रस्ता दाखवायला डेपोतली जुनी गाडी रंगवून काढली होती, आणि ती चालवायला मामा. तो सभागृहाच्या मागच्या दारात उभा राहून ऐकत होता. एकेक महापौर उठत होता. 'साहेबांच्या पाठीशी खंबीरपणे', 'धाडसी पाऊल', पुन्हा 'खंबीरपणे'. सगळी भाषणं एकाच गिरणीतून दळून आणल्यासारखी. शेवटी सुट्टेभाऊ उठला. बोलता बोलता त्याची नजर मागच्या दाराकडं गेली, मामावर थांबली, आणि कागदावर परतली. "आमचं शहरही खंबीरपणे..." टाळ्या झाल्या. टेकडीचं नाव निघालं नाही.

मामा जाऊन केबिनमध्ये बसला. महापौर मंडळी हसत-खिदळत चढली. बरोबरचा अधिकारी काचेवर टकटक करून म्हणाला, "चला ड्रायव्हर, निघा."

"बेल नाही."

"कसली बेल? कंडक्टर कुठाय तुमचा?"

"तेच मी विचारतोय."

मागं कुजबुज झाली. मग कुणीतरी दोरी ओढली. टण, टण.

मामानं वळून बघितलं नाही. बघायची गरज काय? वीस वर्षं ज्या हाताचा टोला ऐकला, तो काय विसरतो माणूस?

गाडी बाजाराच्या चौकात आली. नदीकडं जायला सरळ. मामाचे हात डावीकडं वळले.

त्यानं ते मुद्दाम केलं, असं डेपोत अजूनही म्हणतात. मामीलाही तसंच वाटायचं. मामा शेवटपर्यंत एकच सांगायचा, "मुद्दाम केलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. मी काय कुणाच्या बापाला भितो? मागं तो, बेल त्याची, पुढं चौक. हात बिचारे काय करतील?"

चढ लागल्यावर चूक ध्यानात आली. पण त्या रस्त्यावर गाडी वळवायची तर वर शेवटच्या थांब्यावरच. अधिकारी काचेवर बुक्क्या मारत होता. पहिल्या थांब्यावर दवाखान्यातली पाळी संपवून निघालेल्या आया हात करून उभ्या होत्या. त्यांच्याबरोबर काठीवाली आजी. ही तर सगळ्यांना ठाऊक, हिच्यासाठीच सुट्टेभाऊ दोन टोल्यांमध्ये एक श्वास थांबायचा. आजची गाडी खास पाहुण्यांची, थांबायची नव्हती. मामानं गिअर बदलला.

टण.

एकच. मामाचा पाय ब्रेकवर गेला.

बाया चढल्या आणि मागून आवाज आला, तोच, जुना, डब्याचं झाकण आपटल्यासारखा. "पुढं सरका, पुढं सरका! अहो महापौर, तुम्हीसुद्धा! दारात गर्दी करू नका!" एका महापौरानं आजीला जागा दिली. दुसऱ्याच्या मांडीवर कुणीतरी धुण्याचं गाठोडं ठेवून दिलं.

"सुट्टे काढू का रे?" आजीनं विचारलं.

"असू दे आजी आज."

"मोठा झालास मग!" गाडीभर हशा पिकला.

वर थांब्यावर इंजिन बंद झालं. आजी उठली, पण उतरली नाही. "सुट्ट्या, ही गाडी बंद करणार म्हणतात. खरं का?"

हसू विरलं. मामानं तेव्हा आतल्या आरशात बघितलं. नोकरीत पहिल्यांदाच. सुट्टेभाऊचा हात बेलच्या दोरीवर होता. 'बघतो' म्हणणं किती सोपं होतं.

"खरं आहे."

"आणि तू रे?"

"मी पाठिंबा देऊन आलो. आत्ताच, सगळ्यांसमोर."

आजीनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तोंडावर सांगितलंस हे बरं केलंस. आता मी खाली दवाखान्यात कशी जाऊ, तेही सांग."

आजी काठी टेकत पायऱ्या उतरू लागली. टोला आला. मग एक श्वास. मग दुसरा.

सुट्टेभाऊनं नंतर पालिकेच्या सभेत या गाडीसाठी हात वर केला म्हणे, पण तोवर हात मोजून झाले होते. गाडी बंद करायचं ठरलं. पुढच्या निवडणुकीत वस्तीनं त्याला घरी बसवलं, आणि चूक केली असं मी तरी म्हणणार नाही. मामानं त्याच्याशी बोलणं टाकलं. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा.

टेकडीच्या गाडीची शेवटची फेरी होती त्या दिवशी सुट्टेभाऊ साध्या सदऱ्यात डेपोत आला. कंडक्टरला म्हणाला, "आज मी." मामानं ऐकलं आणि मान फिरवली. चढभर टोले येत राहिले, गाडी थांबत राहिली, निघत राहिली. वर माणसं उतरली, कुणी गाडीच्या पत्र्यावर थाप मारून गेलं, कुणी मुद्दाम न बघता गेलं.

आता रिकामी गाडी डेपोत न्यायची. रिकाम्या गाडीला बेल लागत नाही. मामा इंजिन चालू ठेवून बसून राहिला.

मागून आवाज आला, "मामा, गाडीत कुणी नाही. कुणासाठी मारू?"

मामानं आरशात बघितलं नाही.

"मी आहे की," तो म्हणाला.

टण. मग एक श्वास थांबून, टण.