नववी आज्ञा

रिबेका उजागरे तेहतीस वर्षं नर्स होत्या आणि निवृत्त झाल्यापासून भायखळ्याच्या आमच्या मराठी चर्चमध्ये संडे स्कूल घेतात. मोशेच्या दहा आज्ञा शिकवाव्यात त्यांनीच. "आज्ञा म्हणजे थर्मामीटर," त्या मुलांना सांगतात. "ताप किती ते दाखवतो, उतरवत नाही. उतरवणारा ख्रिस्त."

गेल्या लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, हा धडा चालू असताना दहा वर्षांच्या स्पृहाने हात वर केला. "टीचर, सगळे पापी असतात ना? मग तुम्ही कुठली आज्ञा मोडली?"

मी त्यांची मदतनीस, मागच्या बाकावर हजेरी लिहीत होते. बाई हसून विषय बदलतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "नववी. खोटी साक्ष दिली मी."

वर्ग सुटल्यावर त्यांनी चर्चचे पाळक हितेंद्र यांना सगळं सांगितलं, मलाही बसवून घेतलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ पलंगावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. पलंगाचा कठडा खाली राहिला होता आणि तो खाली ठेवला होता बाईंनीच. चौकशीत त्या म्हणाल्या, "मालनमावशींनी सोडला." बाईंचं स्वतःचं इन्चार्ज सिस्टरचं प्रमोशन तोंडावर आलं होतं. मालन वॉर्डातली आया. तिची बदली थेट धोबीखात्यात झाली.

"बाई, याची क्षमा देवाकडे तुम्ही कधीच मागितली असेल," पाळक म्हणाले. "ती मिळालीय. मोशेचं नियमशास्त्र तुम्हाला आता दोषी धरत नाही."

"ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर मालनमावशींकडे जाण्याची भीती वाटत नाही. पण नाव मालनमावशींचं खराब झालंय. देवाने मला सोडलं म्हणून त्यांचं नाव आपोआप साफ होतं का?"

पाळकांनी मान हलवली. "नाही होत. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागच्या चाळीत मालनमावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. मावशींचा हात थांबला नाही.

"माका ठावक होता, सिस्टर. कठडो तुम्हीच सोडलेलो. पण माझो घोव मरेपर्यंत माका निष्काळजी म्हणत रवलो. त्याका आता कोण सांगतला?"

बाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "तुमच्या मिस्टरांना नाही सांगता येणार. बाकी ज्यांना सांगता येईल त्या सगळ्यांना सांगते."

"मग बायांसमोर सांगा. सगळ्यांच्या."

त्यांच्या हॉस्पिटलातल्या निवृत्त नर्स आणि आयांचं स्नेहसंमेलन परळच्या एका हॉलमध्ये दरवर्षी ऑक्टोबरअखेर भरतं. मावशी तिथे एकदाही गेल्या नव्हत्या. यंदा दोघी बरोबर गेल्या. जेवणाआधी बाईंनी माईक मागून घेतला, तारीख, वॉर्ड, पलंगाचा नंबर सांगितला आणि म्हणाल्या, "कठडा मी सोडला होता. मालनमावशींवर मी खोटा आळ घेतला."

"जाऊ दे गं, किती वर्षं झाली!" कोणी तरी म्हणालं.

"वर्षांनी खोट्याचं खरं होत नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्याबद्दल ज्यांनी काही ऐकलंय, त्यांनी आज हेही घरी जाऊन सांगा."

त्यांनी माईक ठेवला. जुन्या आया मालनमावशींभोवती जमल्या. एकीने त्यांना पहिल्या पंगतीत ओढून नेलं.

बाहेर पडताना मावशी स्पष्ट म्हणाल्या, "राग गेलो नाय हा माझो."

"राहू दे. मी क्षमा मागायला आले, मिळालीच पाहिजे असं म्हणायला नाही."

त्यानंतर महिनाभर मावशींकडून काहीच निरोप नाही. मग एका दुपारी, आम्ही नाताळच्या नाटुकल्याचे कपडे मोजत असताना, बाईंचा फोन वाजला.

"सिस्टर, पायाक सूज इलीहा. येऊन बघशात?"

बाईंनी बीपीचं मशीन पिशवीत टाकलं आणि मला म्हणाल्या, "कपडे तू बघ. मी लालबागला जाऊन येते."