दिवा लागल्यावर मागितलेली हार्डडिस्क

दारव्ह्यात माझ्याइतकं ज्ञान कोणाकडे नव्हतं. म्हणजे माझ्या डोक्यात नव्हे, हार्डडिस्कमध्ये. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी घरी बसून करतो, आणि कामापेक्षा जास्त वेळ प्रोग्रामिंग शिकायचं साहित्य उतरवून घेण्यात घालवतो. फुकटचे कोर्स, पुस्तकं, सरावाचे प्रश्न, एकाच भाषेवरचे दहा गुरूंचे व्हिडिओ, जे दिसेल ते साठवायचं. एकदा यवतमाळहून ती डिस्क पिशवीत घालून आणत होतो, तर कंडक्टरने पिशवी उचलून पाहिली आणि लगेजचं तिकीट फाडायला घेतलं. इतकं वजन झालं होतं विद्येचं. ज्याला पटत नसेल त्याने त्या कंडक्टरलाच विचारावं. तो रिटायर होऊन कुठे गेला ते मात्र मला ठाऊक नाही.

घरी आईने विचारलं, एवढ्याशा डबीत आहे तरी काय? मी म्हणालो, जगात जेवढी म्हणून विद्या आहे तेवढी सगळी. माझ्या बोलण्यातलं किती खरं धरायचं हे साऱ्या गल्लीला माहीत आहे, पण आईने नेमकं हेच पूर्ण खरं धरलं. दसऱ्याला विळे, कुऱ्हाड आणि फवारणीचा पंप यांच्या रांगेत तिने डिस्क मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि पूजा झाल्यावर तिला देवघरातच जागा दिली. मला हवी असली की आंघोळ करून मागायची. त्यामुळे थंडीच्या दिवसांत माझं शिक्षण जरा मागे पडायचं.

शेजारी माझा शाळेपासूनचा मित्र राहतो, त्याची शेती आहे. त्याची बायको नेरची, बीएस्सी झालेली. लग्नानंतर ती माझ्याकडून विचारून विचारून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली. यवतमाळात दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत जागा निघाली आणि तिला प्रात्यक्षिक परीक्षेला बोलावणं आलं. तिचे सासरे वाईट माणूस नाहीत, पण कापसाच्या हंगामात रोज सांजच्याला वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजून घ्यायचं काम तीच करायची, आणि तिच्यासारखं ते घरात कोणाला जमत नव्हतं. त्यांनी सांगितलं, एकदा जाऊन ये. नाही जमलं तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. म्हणजे तिला एकच संधी होती.

परीक्षेची अट अशी की लॅपटॉप आपला आणायचा, इंटरनेट मिळणार नाही, पण लॅपटॉपात आधीपासून जे असेल ते उघडून पाहिलं तर चालेल. तिने ठरवलं होतं की आदल्या दिवशी लागेल ते सगळं उतरवून ठेवू. त्याच दिवशी दुपारी रस्ता खोदणाऱ्या मशीनने केबल तोडली आणि आमच्या भागातलं नेट गेलं. मोबाइलवरही चाक नुसतं फिरत राहायचं. ती कापूस मोजण्यातून मोकळी झाली आणि लॅपटॉप घेऊन आमच्या दारात आली तेव्हा आई देवापुढे दिवा लावून हात जोडत होती.

तिने डिस्क मागितली. आईने मागे वळून न पाहता सांगितलं, "दिवा लागला न आता. आता घरातून काही द्याचं नाही."

दिवेलागणीनंतर आमच्याकडे मीठ देत नाहीत, सुई देत नाहीत. लक्ष्मी घरात यायच्या वेळी घरातलं बाहेर घालवायचं नाही. हे मी जन्मापासून ऐकत आलोय, पण त्यात आता डिस्कही आली होती, आणि तिला तिथवर पोचवणारा मीच. मी वकिली सुरू केली. म्हटलं, अगं, ही नुसती नक्कल करून घेणार आहे. डिस्क जिथली तिथे राहील, तिच्यातलं कणभरही कमी होणार नाही.

"विरजण देल्यावर आपलं दही कमी होते काय?" आई म्हणाली. "तरी देते काय मी सांजच्याले?"

मी आयुष्यात पुष्कळ वाद जिंकले आहेत. पुण्याच्या मॅनेजरला तर मी एकदा असा निरुत्तर केला की तो बिचारा आठवडाभर मीटिंगमध्ये कॅमेरा लावेना. पण विरजणापुढे मी हात टेकले. दाराशी ती बाई लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. सकाळच्या गाडीने निघायचं, मधे ही एवढीच सांज.

शेवटी आईनेच वाट काढली. "नेता येणार नाही. इथं बसून पाह्य म्हणा. घरात बसून जेवल्यानं काही बाहेर जात नाही." आणि मला म्हणाली, "तू हातपाय धुऊन ये आधी."

तर आम्ही ओसरीवर बसलो. डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली आणि माझ्या विद्येचं भांडार उघडलं. खरी पंचाईत तिथे झाली. पायथनच्या नावाचे फोल्डर इतके की यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखायला लागलं. पहिला व्हिडिओ लावला, त्यात गुरू अर्धा वेळ आपलं स्वागत करत होते. दुसऱ्यात दुसरे गुरू तेच करत होते. एक पुस्तक उघडलं तर ते जुन्या आवृत्तीचं निघालं. तिचा चेहरा उतरत चालला होता आणि मी "थांबा, थांबा, यातच आहे" म्हणत अजून फोल्डर उघडत होतो.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही सोता काम करताना यातलं काय उघडता?"

मी थापा मारतो, पण कामाबद्दल विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, यातलं काही नाही. मी तीन गोष्टींवर पोट भरतो. भाषेबरोबर लॅपटॉपात आपोआप येणारी मदत, चूक झाली की येणाऱ्या संदेशाची शेवटची ओळ, आणि प्रोग्राम मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघायचा डीबगर.

"मंग हे सगळं कायले ठेवलं?"

"असावं म्हणून," मी म्हणालो. स्वयंपाकघरात आई खोकली.

डिस्क बाजूला ठेवली. मी तिला म्हटलं, आजच्या कापसाची बेरीज करणारा प्रोग्राम लिहा, तुमच्याच आकड्यांवर. तिने आपल्या लॅपटॉपात भराभर लिहिला, चालवला आणि अर्धा पडदा लाल ओळींनी भरला. ती वरून वाचायला लागली आणि गोंधळली. मी खालून वाचायला लावलं. शेवटची ओळ म्हणत होती की जिथे आकडा हवा तिथे शब्द आलाय. पण कुठे? मग डीबगर लावला. एकेक बाई, एकेक वजन, प्रत्येक पायरीवर थांबायचं आणि आत डोकवायचं. एका बाईच्या नावापुढे आकड्याच्या जागी 'उद्या' लिहिलेलं निघालं. तिचं गाठोडं शेतातच राहिलं होतं, म्हणून हिनेच तसं लिहून ठेवलं होतं. ती स्वतःशीच हसली. मग मदत कशी मागायची ते मी दाखवलं. प्रोग्राम चालवायच्या काळ्या खिडकीतच अडलेला शब्द लिहायचा की माहिती समोर, नेट असो नसो.

भाकरी होईपर्यंत ती स्वतःच प्रोग्राम मुद्दाम बिघडवून दुरुस्त करत होती. मी काही बोलायला गेलो की हात वर करून मला थांबवायची. जेवून निघाली तेव्हा आईने दारात विचारलं, "काही नेऊन नाही राह्यली न?"

"नाही काकू. माह्याच लॅपटॉपात होतं ते."

परीक्षेचं मी सांगतो ते जास्त रंगतदार आहे, त्यात इमारत हलते. पण इथे तिने सांगितलं तेच सांगतो. तीन प्रश्न होते. पहिला सुटला. दुसऱ्यात कोणीतरी मुद्दाम बिघडवलेला प्रोग्राम दिला होता, तो तिने थांबवत थांबवत दुरुस्त केला. तिसरा अर्धाच राहिला. बाजूचे काही जण घरून भरून आणलेले व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे-मागे करत होते. तपासणाऱ्या मॅडम हिच्या मागे येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या, प्रोग्राम कुठे थांबवलास आणि का, एवढंच विचारलं आणि पुढे गेल्या. हो की नाही, काही कळलं नाही.

त्यानंतर घरात कोणी तो विषय काढला नाही. ती रोज कापूस मोजत राहिली. मी तिकडे गेलो की तीही इकडचं तिकडचं बोलायची.

फोन आला तेव्हा मी त्यांच्या शेतात तुरीच्या हिरव्या शेंगा खात बसलो होतो. त्या शेतात रेंज फक्त विहिरीजवळ लागते, म्हणून ती जेवणाचा डबा तिथेच ठेवून फोन कानाला लावून विहिरीकडे गेली. सासरे कापूस मोजायच्या काट्याची दोरी आवळत होते. त्यांनी दोरी सोडली नाही, पण आवळायचंही थांबवलं. ती पाठमोरी उभी राहून 'हो मॅडम, हो' एवढंच म्हणत होती. मग ती परत आली. डबा उघडला, सासऱ्यांना भाकरी वाढली, आणि वाढताना तिच्या हातून थोडं पिठलं मातीत सांडलं.

सासऱ्यांनी घास मोडला. मग काट्याकडे बघत म्हणाले, "मंग, कधीपासून जाचं आहे?"

ती म्हणाली, "सोमवारपासून."

"मंग रविवारी मले हा काटा शिकवून ठेव," ते म्हणाले, आणि पिठलं अजून मागितलं.